57 मिनिटं आणि घासलेली भांडी

हरिपूररोड (धागाकर्ता)

जॉन कोल्ट्रेन या अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवादकाच्या जपानमधल्या लाइव्ह रेकॉर्डिंगवर परवा 'अजिंक्यतारा' यांनी लिहिलं, की दहाव्या मिनिटाला सॅक्सोफोन इतका किंचाळायला लागला की कानातले हेडफोन काढून भांडी घासायला घेतली आणि भांडी जास्त सुरात वाजली. वर हेही, की असलं ज्यांना आवडतं ते चारचौघांत उठून दिसायला आवडून घेतात. तिथंच उत्तर देणार होतो, लांबलं म्हणून वेगळा धागा.

साहेब, 22 जुलै 1966, टोकियो, 'माय फेव्हरिट थिंग्ज', 57 मिनिटं. हेच ना? यात सुरुवातीचा जवळपास पाव तास जिमी गॅरिसन एकटा बास वाजवतो. एकटा. दहाव्या मिनिटाला सॅक्सोफोन कुणी ओठाला लावलेलासुद्धा नाही. मग किंचाळलं कोण? तुमचा कुकर?

आणि ही चाल काही आकाशातून पडलेली नाही. 1959 च्या ब्रॉडवेवरच्या संगीत नाटकातलं पद आहे, तिनाच्या ठेक्यातलं. कोल्ट्रेननं ते 1960 मध्ये स्टुडिओत वाजवलं तेव्हाच पावणेचौदा मिनिटांचं झालं. पुढं सहा वर्षं वाजवत राहिला आणि टोकियोत त्याचं असं रान झालं. आपल्याकडं हे नवीन आहे का? नाटकात पाच मिनिटांचं असलेलं पद मैफिलीत अर्धा तास आळवलेलं ज्या सांगलीनं डोक्यावर घेतलं, तिथल्या माणसांना 'मूळ चाल कुठं गेली' हा प्रश्न पडावा? मिरजेच्या दर्ग्यात खाँसाहेब अब्दुल करीम खाँच्या पुण्यतिथीला रात्र-रात्र बसणारी माणसं आपण. तिथं कुणी वीस मिनिटं एका निषादाभोवती फिरला तर माना हलतात. इथं मात्र लगेच ढोंगी.

अजिंक्यतारा

होय, पुढं सरकवलं. पाव तास बास ऐकायला मी रिकामा नाही. दहाव्या मिनिटाऐवजी पंचविसाव्या मिनिटाला किंचाळला, लिहून घ्या. त्यानं सुरात आला का?

नाट्यपदाचा दाखला तुमच्यावरच उलटतो. पद कितीही आळवलं तरी मुखडा येतो, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर येतो, अख्खा हॉल 'हा' करतो. इथं सम कुठाय? तो दुसरा सॅक्सोफोनवाला फॅरो सँडर्स वाजवत असताना दाद द्यायची कुठल्या जागेवर, तेवढं सांगा. मारवा रागात षड्ज लपवतात, पण मागं तंबोरा असतो म्हणून तो लपवलाय हे कळतं. इथं लपवायला आधी काही ठेवलेलंच नाही.

आता कुणीतरी येऊन सांगेल की कोल्ट्रेननं मुलाचं नाव रविशंकरांवरून रवी ठेवलं. ठेवलं असेल. आमच्या गल्लीत दोन सचिन आहेत, दोघांनाही बॅट धरता येत नाही.

बेदाणाशेड

मी तासगावकडचा. संगीतातलं शिक्षण शून्य. फेब्रुवारी-मार्चात ढग आलं की शेडवर ताडपत्री सोडायला रात्रभर माणूस जागा लागतो, तो मी. तिथं एका पाव्हण्यानं मोबाइलमध्ये ऑर्नेट कोलमन या दुसऱ्या जॅझवाल्याचं 'फ्री जॅझ' भरून दिलेलं. माझ्या हेडफोनचा डावा कान बंद. अख्खा हंगाम तसंच ऐकलं आणि आवडलं बघा. जरा मोकळं-मोकळं, पण ऐकवत होतं.

जूनमध्ये नवा हेडफोन घेतला आणि घाबरलो की. डाव्या कानात आणखी चार माणसं! तेव्हा कळलं, त्यात दोन चौकड्या आहेत, एक एका कानात, दुसरी दुसऱ्या कानात. मी चार महिने उजव्या चौकडीतल्या एरिक डॉल्फीच्या बाजूची निम्मीच भानगड ऐकत होतो. आता अजिंक्यतारांना सांगणं एवढंच, आधी एक कान काढून ऐका. सवय झाली की दुसरा घाला.

अजिंक्यतारा

ही एका कानाची युक्ती आवडली. दोन्ही काढले तर आणखी बरं वाटेल.

शिवाय ती रेकॉर्ड डिसेंबर 1960 ची, स्टुडिओतली. विषय लाइव्हचा चाललाय. आणि त्यातसुद्धा एकेकाच्या वादनाआधी सगळे मिळून ठरवलेला तुकडा वाजवतात, म्हणजे धरायला काहीतरी आहे. 1966 च्या कोल्ट्रेनमध्ये ते पण नाही. ड्रमवर एल्विन जोन्स असेपर्यंत मागं पक्का ठेका होता, तो त्याच वर्षाच्या सुरुवातीला सोडून गेला. त्याच्या जागचा राशिद अली ड्रम वाजवतो की गच्चीवर वाळवण झटकतो?

जुना सांगलीकर

वर तंबोऱ्याचा विषय निघाला म्हणून लिहितो. कुठला तंबोरा? मागच्या महिन्यात मिरजेत एका कार्यक्रमाला गेलो. मिरजेत बरं का. गायिकेच्या पुढ्यात मोबाइल, त्यात तानपुऱ्याचं ॲप, ते लावलंय स्पीकरला. मध्येच कुणाचा तरी फोन आला आणि षड्ज-पंचमाऐवजी रिंगटोन. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं म्हणून आपण पेढे वाटले ते कशासाठी? तिथून हाकेच्या अंतरावर सतारमेकर गल्ली. अमेरिकेतल्या माणसाचा सूर कसले तपासताय, आपला खालून निसटला ते बघा.

काळीपाच

काका, ती गायिका मी नव्हे, पण मीही ॲपवरच गाते, त्यामुळे लागलं.

मी विट्याहून मिरजेला शिकायला जायचे, तंबोरा घेऊन, बसनं. दारातून आत घेतानाच अर्धी बस ओरडायची. एकदा तासगावच्या स्टँडवर कुणाच्या तरी पत्र्याच्या ट्रंकेला लागून भोपळ्याला चीर गेली. दुरुस्तीला जेवढे पैसे लागले तेवढी माझी दोन महिन्यांची फी होती. आई म्हणाली, एक कायतरी निवड. मी गाणं निवडलं.

जुना सांगलीकर

वाईट झालं, पण पर्याय तो नाही. मी कारागीर नाही, बँकेतून निवृत्त झालोय. जवारी काढून, म्हणजे तार गुंजेल अशी घोडी घासून घ्यायला गेलो की तासभर नुसता बघत बसतो. कारागीर घोडीवरून, तार जिच्यावर टेकते त्या पट्टीवरून, कानस फिरवतो, किती, तर पुसल्यासारखी. मग तारेखाली सुती दोरा सरकवतो. केसभर पुढं, केसभर मागं. तार आधी नुसती टणटण करते. एका जागी दोरा आला की एकदम उघडते, खोलीत भुंगा शिरल्यासारखी. त्या तारेत मग गंधारही ऐकू येतो, जो कुणी लावलेलाच नसतो. तुमच्या मोबाइलच्या डबीतून तो ऐकवा. तुमच्या पिढीला कष्ट नकोत, सोय हवी. पूर्वी लोक तंबोरे पाठीवर घेऊन गुरूकडं जायचे.

काळीपाच

पूर्वीच्या लोकांच्या घरी परत आल्यावर ताट वाढायला कुणीतरी असायचं. मी परत येऊन पाच म्हशींच्या धारा काढायचे. कष्टांवर बोलू नका.

हरिपूररोड

हे बरोबर नाही काका. आणि दोघंही, धागा कोल्ट्रेनवर आहे.

जुना सांगलीकर

मला बरोबर-चूक शिकवणारे तुम्ही कोण? धागा तुमच्या सातबाऱ्यावर आहे का? त्या जपानच्या मैफिलीत काय कळतं तुम्हाला, दोन-चार नावं आणि मिनिटं पाठ केलीत.

नदीवेस

गोंगाटाचाच विषय आहे तर विसर्जन मिरवणुकीतल्या डॉल्बीवर कुणीच का बोलत नाही? आमच्या खिडकीच्या काचा…

हरिपूररोड

नदीवेस, हात जोडतो. आज नको.

काका, पाठांतराचं म्हणालात म्हणून सांगतो. वडील गेले त्या वर्षी मला कुठलंच गाणं सोसत नव्हतं. सगळ्या गाण्यांना माहीत असायचं पुढं काय होणार आहे. भजनाला तर सगळ्यात जास्त. ही रेकॉर्ड तेव्हा हाताला लागली. त्याच दौऱ्यात कोल्ट्रेन नागासाकीला स्मारकापाशी प्रार्थना करून आला होता, आणि पुढच्या जुलैत तर तो स्वतःच गेला, चाळिशीत. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. एवढंच वाटलं, की या माणसालाही पुढचं माहीत नाही आणि तरी थांबत नाहीये. दाद कुठं द्यायची हा प्रश्न मला पडलाच नाही. पुरावा म्हणून देत नाही हे. माझं एवढंच आहे.

अजिंक्यतारा

ठीक आहे. ढोंगी हा शब्द मागं घेतो. फक्त तुमच्यापुरता, बाकीच्यांचं बघू.

काल रात्री पूर्ण ऐकलं. बाससकट. बायको दोनदा दार उघडून बघून गेली. बास बरा आहे, मान्य. गॅरिसन मध्येच गिटारसारखा छेडतो, ते चांगलंच आहे. मग सॅक्सोफोन आल्यावर ती नाटकातली चाल एकदा दिसली. दिसली म्हणजे गर्दीत ओळखीचा माणूस दिसतो आणि हाक मारेपर्यंत जातो, तशी. त्यानंतर मी उरलेली चाळीसेक मिनिटं तिचीच वाट बघत बसलो, म्हणजे सम शोधतच होतो. शेवटी-शेवटी सापडली. त्याआधी फॅरो सँडर्सनं जे केलं त्याला मी संगीत म्हणणार नाही, कोर्टात गेलात तरी. आणि रविशंकरांनाही कोल्ट्रेनच्या वाजवण्यातली अस्वस्थता खटकली होती, तेव्हा मी एकटा अडाणी नाही.

भांडी बायकोनं घासली, तेवढा तोटा.

बेदाणाशेड

एक कान काढला होता का?

अजिंक्यतारा

नाही हो.

जुना सांगलीकर

काळीपाच, तुमचा तो चिरलेला तंबोरा आहे की टाकला?

काळीपाच

आहे. माळ्यावर, गोधडीत.

जुना सांगलीकर

चीर भरता येते, भोपळा बदलायला लागत नाही. गल्लीत माझी ओळख आहे, पैशाचं मी बोलतो. ॲपबद्दलचं माझं मत तेच आहे, हे लक्षात ठेवा. रविवारी आणा. आणि बसनं आणू नका.

काळीपाच

मग कशानं आणू?

बेदाणाशेड

माझा टेम्पो रविवारी सांगलीला येतोय, मार्केट यार्डात. बॉक्सवर आडवा ठेवू, वर गोधडी. विट्याहून तासगावपर्यंत मात्र तुमचं तुम्ही बघा.