पोरगा नागपूरच्या क्लबात जातो म्हणते, आधी काय करावं?

(शिक्षक कॉलनी, आर्वी : रहिवासी ग्रुप)

प्लॉट ११
नमस्कार मंडळी. पोरगा चौदाचा आहे, आपल्या तालुक्याच्या क्लबकडून फुटबॉल खेळते. नागपूरच्या एका क्लबनं ट्रायलमध्ये पसंत केला. पुढच्या आठवड्यात लीगची मॅच आहे, "पाठवून द्या, कागद नंतर पाहू" म्हणतात. पाठवू का?

कोच सर
मॅचला नका पाठवू भाऊ. सरावाला जाऊ द्या, ट्रायल झालीच आहे. पण नाव जुन्या क्लबकडे असताना अधिकृत सामन्यात नव्या क्लबकडून उतरला तर तो अपात्र खेळाडू ठरते. समोरची टीम प्रोटेस्ट टाकते, नव्या क्लबचे पॉइंट जातात अन् पोरावर कारवाई होऊ शकते ते वेगळंच. "कागद नंतर पाहू" म्हणणाऱ्याले एकच विचारा : पोराचं नाव सीआरएसमध्ये तुमच्याकडे आलं का? आलं असेल तर त्या पानाचा फोटो पाठवा म्हणा.

प्लॉट ११
सीआरएस म्हणजे काय सर?

कोच सर
अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची ऑनलाइन नोंदणी. प्रत्येक खेळाडूले एकच क्रमांक, क्लब बदलला तरी तोच राहते. माहिती क्लब भरते, मंजुरी राज्य संघटना देते. आपली राज्य संघटना म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, विफा. क्रिकेटात विदर्भ वेगळा आहे, फुटबॉलमध्ये नाही. आर्वी, नागपूर, मुंबई सगळं विफाखालीच येते. म्हणून तुमचं हे राज्यातल्या राज्यातलं ट्रान्सफर आहे. पोरगा पांढुर्ण्याच्या क्लबात चालला असता तर मध्य प्रदेशची संघटनाही मधात आली असती अन् वेळ वाढला असता.

क्रम असा : नवा क्लब सीआरएसमधून पोराची मागणी टाकते, जुन्या क्लबकडे ती जाते, जुना क्लब हो म्हणते, मग संघटना मंजूर करते. चारही गोष्टी झाल्या की पोरगा नव्या क्लबचा. तोवर जुन्याचाच.

अन् एक मोठी गडबड इथंच होते. नवा क्लब घाईत पोराले "नवीन खेळाडू" म्हणून भरून टाकते. नावाची एखादी मात्रा इकडची तिकडं, अन् दुसरा क्रमांक निघून जाते. कधी तरी दोन्ही नोंदी जुळतात अन् मग लपवाछपवी केल्यासारखं दिसते. पोराचा जुना क्रमांक आजच जुन्या क्लबकडून लिहून घ्या अन् नागपूरवाल्यायले तोच द्या.

काकाजी, प्लॉट २
जुन्या क्लबनं हो म्हटलंच नाही तं? पोट्टा चांगला खेळते, ते कायले सोडतीन?

वकील ताई
काकाजी, आधी हे पाहावं लागतं की पोरगा हौशी आहे की व्यावसायिक. फिफाच्या नियमात व्यावसायिक म्हणजे ज्याचा क्लबशी लेखी करार आहे आणि ज्याला खेळण्याच्या खर्चापेक्षा जास्त पैसे मिळतात. दोन्ही गोष्टी हव्यात. जर्सी, बूट, एसटीचं भाडं, राहणं-जेवण दिलं म्हणून कोणी व्यावसायिक होत नाही. आपल्या तालुक्यातली बहुतेक पोरं हौशीच आहेत. हौशी पोराला क्लब आयुष्यभर अडकवून ठेवू शकत नाही. सीझनच्या मधे सोडायचं की संपल्यावर, एवढाच काय तो वाद असू शकतो.

भाऊ, जुन्या क्लबला तोंडी सांगून थांबू नका. साध्या कागदावर एनओसीसाठी, म्हणजे ना हरकत पत्रासाठी, अर्ज करा, दोन प्रती, एकीवर सही-शिक्का घेऊन पोच ठेवा. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा, पावती जपून ठेवा. उत्तर आलं नाही तर तीच प्रत जोडून जिल्हा संघटनेकडे, मग विफाकडे. महासंघाकडेही खेळाडूंच्या दर्जाचे वाद ऐकणारी प्लेअर्स स्टेटस कमिटी आहे, पण गोडीनं बोललं तर बहुतेक प्रकरणं जिल्ह्यातच मिटतात. जुन्या कोचनं पोराला घडवलं आहे, आधी त्यांच्या घरी जाऊन भेटा. हे मी मनापासून सांगते.

कोच सर
ताईचं बरोबर. अन् जायच्या आधी क्लबचं सामान परत करा. किट, ट्रॅकसूट, शिल्लक फी. बऱ्याच ठिकाणी एनओसी दोन जर्सीसाठी अडते.

प्लॉट ११
एनओसीत काय लिहून घ्यावं?

वकील ताई
लेटरहेडवर घ्या. जावक क्रमांक, तारीख, सचिवाची सही, गोल शिक्का. पोराचं पूर्ण नाव आधारवर आहे तसंच, जन्मतारीख, सीआरएस क्रमांक, कोणत्या सीझनपर्यंत खेळला. त्यानंतर तीन गोष्टी स्पष्ट : दुसऱ्या क्लबात जायला हरकत नाही, काही देणे बाकी नाही, कोणतीही बंदी बाकी नाही. रेड कार्डची बंदी भोगायची राहिली असेल तर ती पोरासोबत नव्या क्लबातही जाते, म्हणून ते तिसरं वाक्य सोडू नका. एनओसी हातात आली तरी सीआरएसमधली संमती वेगळी असते, कागद देऊन क्लब ऑनलाइन बटण दाबायचं विसरतो.

ग्रा.पं. भाऊ, प्लॉट ४
मले वाटते यायचं गाडं ट्रान्सफरपेक्षा जन्माच्या दाखल्यावर अडकन. भाऊ, पोराचा जन्म कुठचा?

प्लॉट ११
आजोळी झाला, दर्यापूरले. दवाखान्यात.

ग्रा.पं. भाऊ, प्लॉट ४
तेच तं. पहिलं बाळंतपण माहेरी होते अन् लोक दाखला शोधतात सासरच्या ग्रामपंचायतीत. जन्माची नोंद जिथं जन्म झाला तिथंच असते, राहत्या गावात नाही. तुमची नोंद तिकडच्या नगर परिषदेत सापडन. आजोळच्या खेड्यात घरी जन्म झाला असता तर त्या गावच्या ग्रामपंचायतीत.

दाखला हातात आला की तीन तारखा वेगवेगळ्या वाचा. जन्म दिनांक, नोंदणी दिनांक अन् प्रमाणपत्र दिल्याचा दिनांक. गेल्या महिन्यात नवी प्रत काढली म्हणून दाखला उशिराचा होत नाही. पाहायचा तो नोंदणी दिनांक. १९६९ च्या कायद्यानं २१ दिवसांत खबर द्यावी लागते, ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क, एक वर्षापर्यंत वरच्याची परवानगी. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश. २०२३ च्या दुरुस्तीनंतर तो जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यायनं अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडून होते.

वयोगटाच्या स्पर्धेत तपासणारे पहिलं बोट तिथंच ठेवतात. पोरगा बारा वर्षांचा झाल्यावर नोंद केली असन तं शंका येणारच, तारीख खरी असली तरी. तेव्हा आदेशाची प्रत, दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, अंगणवाडीचं लसीकरण कार्ड सोबत ठेवा.

अन् नावाचा रकाना रिकामा तं नाही ना? दवाखान्यातून नोंद जाते तेव्हा बारसं झालेलं नसते. नाव नंतर टाकता येते, एक वर्षापर्यंत शुल्क नाही, त्यानंतर नोंदणीपासून १५ वर्षांच्या आत विलंब शुल्क भरून. तुमचा पोरगा चौदाचा आहे, रकाना रिकामा असन तं या महिन्यातच जा.

सेतूवाला दादा
आधारचं माझ्याकडून. पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे अन् डोळे पुन्हा द्यावे लागतात, ते राहिलं की पडताळणी अडते. जन्मतारीख आधारमध्ये साधारण एकदाच दुरुस्त होते, म्हणून अंदाजानं बदलायला येऊ नका. आधी जन्माचा दाखला बरोबर करा, मग त्यावरून आधार. उलटं केलं की एकुलती एक संधी वाया जाते.

बापाच्या नावातली "राव" ची भानगड लय पाहतो. शाळेत "सुधाकरराव", आधारवर "सुधाकर", दाखल्यावर "सुधाकर गोविंदराव". माणसाले कळते एकच आहे, कॉम्प्युटरले नाही कळत.

शाळेच्या मॅडम
शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातली तारीखही जुळवून घ्या. पहिलीत घालताना वय बसावं म्हणून एखादा महिना पुढेमागे लिहिल्याची उदाहरणं आहेत. दुरुस्ती जन्म दाखल्यावरून होते, पोरगा शाळेत शिकतो आहे तोवर अर्ज केलेला बरा. टी.सी. निघाल्यावर फार त्रास होतो.

आणि क्लब आणि शाळा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्लबची एनओसी शाळेच्या स्पर्धेला लागत नाही. सुब्रोतो करंडक (शाळांची फुटबॉल स्पर्धा) किंवा शालेय क्रीडा स्पर्धेत मुलगा ज्या शाळेत प्रत्यक्ष शिकतो त्याच शाळेकडून खेळतो. नागपूरला होस्टेलवर ठेवून नाव आर्वीच्या शाळेत राहिलं तर तिकडच्या शाळेकडून खेळता येणार नाही आणि इकडे हजेरी नाही. शिवाय आपण नागपूर विभागातच असलो तरी जिल्हा वेगळा आहे, शालेय निवड तालुका-जिल्हा-विभाग अशीच वर जाते. शाळा बदलायची तर नववीच्या सुरुवातीला बदला, दहावीत नको.

काकाजी, प्लॉट २
हाडाचा एक्स-रे काढतात म्हणे वयासाठी?

कोच सर
हो काकाजी. डाव्या हाताच्या मनगटाचा. टीडब्ल्यू-३ म्हणतात. पंजातली अन् मनगटातली हाडं किती पक्की झाली त्यावरून हाडाचं वय काढतात. महासंघाच्या लहान गटांच्या स्पर्धेत ती होते. दाखला खरा असूनही एखादा पोरगा हाडानं लवकर वाढलेला असू शकते, तेव्हा निकाल विरोधात गेला तर पोरावर चिडू नका, त्याले खोटं ठरवू नका. वरच्या गटात खेळवा.

वयोगट १ जानेवारीवरून धरतात. ३१ डिसेंबर २०१० अन् १ जानेवारी २०११, एका रात्रीचा फरक, पण गट बदलू शकते. म्हणून स्पर्धेचं परिपत्रक वाचल्याशिवाय "चौदाचा आहे, बसते" असं नका धरू.

प्लॉट ११
नागपूरला नाही जमलं तर परत इकडे येता येईल ना?

कोच सर
इथं जपून. फिफाच्या नियमानं एका सीझनमध्ये जास्तीत जास्त तीन क्लबांकडे नोंदणी होते, पण अधिकृत सामने दोनच क्लबांकडून खेळता येतात. आर्वीकडून या सीझनले खेळला, नागपूरकडून खेळला, की तिसऱ्या क्लबकडून त्या सीझनले मैदानात नाही उतरता येत. गावच्या खुल्या टूर्नामेंट, मित्रत्वाचे सामने यात मोजत नाहीत. पण संघटनेची लीग, कप, सगळं मोजते. म्हणून सीझनच्या मधात जायच्या आधी दहादा विचार करा. नोंदणीच्या तारखा व्यावसायिक अन् हौशी स्पर्धांच्या वेगळ्या असतात, विफाचं त्या सीझनचं परिपत्रक पाहा. फीचा आकडाही त्यातच.

वकील ताई
नागपूरच्या क्लबनं कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही मागितली तर देऊ नका. आपल्या कायद्यात अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालच्या, मुलाला करार करता येत नाही, सही पालकाची घेतात आणि तिथेच फसगत होते. फिफाच्या नियमात १८ च्या आतल्या खेळाडूचा करार तीन वर्षांपेक्षा मोठा असू शकत नाही. "दहा वर्षं दुसरीकडे खेळणार नाही", "सोडलं तर दोन लाख द्या" असं लिहिलेलं दिसलं तर मला फोटो पाठवा, सही नंतर. मूळ कागद कुणालाच देऊ नका. झेरॉक्सवर सही करून तारीख घाला आणि "फक्त फुटबॉल नोंदणीसाठी" असं आडवं लिहा.

काकाजी, प्लॉट २
मंग आपल्या क्लबले काय भेटन? दहा वर्षं घासायचं तुमी अन् नाव नागपूरचं?

कोच सर
भेटू शकते काकाजी, पण नोंदणी असली तरच. फिफाच्या नियमात १२ ते २१ वयाच्या प्रशिक्षणाचा मोबदला घडवणाऱ्या क्लबचा हक्क आहे, अन् देशातल्या ट्रान्सफरसाठीही प्रत्येक देशानं अशी तरतूद ठेवावी असं फिफा सांगते. पुढं परदेशी क्लबनं पोराच्या क्लबले पैसे देऊन त्याले घेतलं तर त्या रकमेचे ५ टक्के जुन्या क्लबांत वाटले जातात. १२ ते १५ वयाच्या प्रत्येक सीझनचे पाव टक्का, १६ ते २३ चे अर्धा. दहा लाखांवर पाव टक्का म्हणजे अडीच हजार. एका सीझनचे. चार सीझन घडवले तर दहा हजार, म्हणजे आपल्या क्लबचे वर्षभराचे बॉल निघतात.

हे सगळं प्लेअर पासपोर्टवर ठरते, त्यात कोणत्या सीझनले पोरगा कुणाकडे होता ते लिहिलेलं असते. वहीतल्या हजेरीले तिथं किंमत नाही. म्हणून बारा वर्षांचा झाला की पोराले सीआरएसमध्ये टाकायलाच हवं. आपल्याकडे अजून कित्येक पोरं नोंदणीविना खेळून रायली, हे मले फार खुपते.

प्लॉट ११
समजलं. नागपूरवाल्यायले आता काय कळवू?

वकील ताई
हे कॉपी करून पाठवा :

"नमस्कार. मुलाला सरावासाठी पाठवत आहोत. सध्याच्या क्लबकडे एनओसीसाठी अर्ज दिला आहे. आपण सीआरएसमध्ये ट्रान्सफरची मागणी टाकावी, खेळाडू क्रमांक सोबत देत आहे. नवीन नोंदणी करू नये. मंजुरी आल्याचं पान मिळेपर्यंत मुलाचं नाव कोणत्याही सामन्याच्या यादीत टाकू नये. राहण्याची सोय, रात्रीचे जबाबदार शिक्षक आणि त्यांचा फोन नंबर कळवावा."

कोच सर
शेवटची ओळ लय गरजेची आहे, ती काढू नका.

ग्रा.पं. भाऊ, प्लॉट ४
भाऊ, दर्यापूरले जाल तेव्हा जन्मतारीख, आईचं माहेरचं नाव अन् दवाखान्याचं नाव लिहून न्या. रजिस्टर तारखेनं लावलेलं असते, पोराच्या नावानं शोधाल तं नाही सापडणार.