नारदाचा तळ्यांचा प्रश्न

महाभारतातलं राजकारण म्हणजे नुसते फासे आणि कपट, असं काही जण म्हणतात. पटलं नाही बुवा. सभापर्वात नारद युधिष्ठिरावर प्रश्नांची सरबत्तीच करतो. त्यातला एक: राज्यात ठिकठिकाणी मोठी, भरलेली तळी आहेत ना? शेती फक्त पावसाच्या भरवशावर नाही ना? 'न कृषिर्देवमातृका'. लगेच पुढे बियाणं आणि कर्जाची चौकशी! आम्हा धुळ्याकडच्या पांझरा नदीकाठच्या लोकांना हे वाचताना फड पद्धतच आठवते, म्हणजे नदीचं पाणी सगळ्यांनी मिळून शेतीला वाटून घ्यायची जुनी रीत. बंधारा, पाट, एका फडात, म्हणजे शेतांच्या एका गटात, सगळ्यांचं एकच पीक. पाटकरी, म्हणजे पाटाचं पाणी वाटणारा माणूस, सख्ख्या भावालाही पाळीआधी पाणी सोडायचा नाही. शांतिपर्वात भीष्मही कराबद्दल सांगतो, वासरापुरतं राखून दूध काढा, आचळ ओरबाडू नका.