सिनेटर बेकर: जागा न सोडता रणांगणावर जाणं योग्य होतं का?

कोर्टनाका_वकील
परवा ठाणे कोर्टाच्या बार रूममध्ये एडवर्ड बेकरवरून जेवणाची सुट्टी संपेपर्यंत वाद झाला. तोच इथे पुढे नेतो.

बेकर इलिनॉयमधल्या स्प्रिंगफील्ड या तेव्हाच्या छोट्या गावातला वकील. लिंकनचा इतका जवळचा मित्र, की लिंकनने दुसऱ्या मुलाचं नाव एडवर्ड बेकर ठेवलं. पुढे ओरेगॉनचा सिनेटर झाला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली तेव्हा त्याने पलटण उभारली, पण सिनेटची जागाही ठेवली. १ ऑगस्टला गणवेशातच सभागृहात येऊन त्याने युद्धाला विरोध करणाऱ्या सिनेटर ब्रेकिनरिजला उत्तर दिलं. २१ ऑक्टोबरला व्हर्जिनियात बॉल्स ब्लफला तो पडला. पदावर असताना लढाईत मारला गेलेला अमेरिकेचा तो एकमेव सिनेटर.

माझ्या मते त्याने जायला नको होतं, निदान जागा सोडून तरी जायचं होतं. पोटोमॅक नदी ओलांडायला होड्या मोजक्याच होत्या. तरी त्याने माणसं पलीकडे न्यायचा हुकूम आधी दिला आणि स्वतः बराच वेळ होड्या जमवत राहिला. माघार घ्यायची वेळ आली तेव्हा मागे उभा कडा आणि खाली नदी. सातशेवर सैनिक कैद झाले, कित्येक बुडाले. तयारी कमी पडली तर आम्ही कोर्टात तारीख मागतो. त्या पोरांना कुठली तारीख मिळणार होती?

नेरुळची_फौजी_लेक
वकीलसाहेब, अजिबात पटलं नाही. माझे बाबा मराठा लाइट इन्फंट्रीत सुभेदार होते. सुट्टी संपली की पहाटे ट्रंक उचलून निघायचे आणि आई दिवसभर कुणाशी बोलायची नाही. युद्धाला पैसा आणि माणसं मंजूर करणाऱ्या सभागृहातला एक जण स्वतः पलटणीसोबत गेला, याचं मोल आमच्यासारख्या घरांना विचारा.

शिवाय तो नवखा नव्हता. १८४६ मध्ये खासदार असतानाच रेजिमेंट उभारून मेक्सिकोच्या युद्धावर गेला होता. तिथल्या सेरो गोर्दोच्या लढाईत ब्रिगेडचा प्रमुख जखमी झाल्यावर ब्रिगेड त्यानेच सांभाळली.

खारकर_आळी
कायद्याचं बोलू. आपल्याकडे १९५९ च्या अपात्रता प्रतिबंधक कायद्याने टेरिटोरियल आर्मीतल्या (नोकरी-धंदा सांभाळून सेवा देणाऱ्यांच्या राखीव सेनेतल्या) पदामुळे खासदारकी जात नाही. म्हणून २०१२ मध्ये सचिन पायलट आणि २०१६ मध्ये अनुराग ठाकूर तिथे लेफ्टनंट होऊ शकले. अमेरिकेच्या राज्यघटनेत सरकारी पद आणि सदस्यत्व एकत्र चालत नाही. जनरलपद घेतलं तर जागा जाईल म्हणून बेकर कर्नलच राहिला. मग कर्नलपद सरकारी नव्हतं का? मला ही पळवाट खटकते.

कोर्टनाका_वकील
ताई, तुमच्या बाबांबद्दल आदरच आहे. पण लढाईनंतर काय झालं तेही बघा. आपला सहकारी गेला म्हणून काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, खवळली, डिसेंबरमध्ये युद्धाच्या चौकशीसाठी संयुक्त समिती बसली. खापर फुटलं बेकरचे वरिष्ठ जनरल स्टोन यांच्यावर. त्यांना १८९ दिवस कोंडून ठेवलं, आरोपपत्रही दिलं नाही. वकील म्हणून हे वाचताना माझा संताप होतो. (पुढे याच स्टोननी लिबर्टीच्या पुतळ्याच्या चौथऱ्याचं काम पाहिलं.) पलीकडे जायचं की माघारी यायचं, हे ठरवायची मोकळीक स्टोननी बेकरला दिली होती. बेकर साधा कर्नल असता तर चौकशी त्याच्या हुकमापर्यंत पोचली असती. सिनेटरच्या हुकमापर्यंत कोण जाणार?

नेरुळची_फौजी_लेक
स्टोनना कोंडलं ते जिवंत राहिलेल्यांनी. मेलेल्या माणसाच्या माथी ते का मारता?

होड्यांचं मात्र मान्य. परत यायचा रस्ता पाहून ठेवल्याशिवाय बाबा जवानांना ओढासुद्धा ओलांडू देत नसत. तेवढ्यापुरता बेकर माझ्याही लेखी दोषी आहे. पण तो गेला, याला मी चूक म्हणणार नाही.