प्रति: अंकपत्त्यावर कायमचा ब्लॉक नको

विकिपीडियावर तीन सूचनांनंतरही उत्पात (लेखांची मुद्दाम नासधूस) केला तर खाते आणि अंकपत्ता (आयपी ॲड्रेस) दोन्ही कायमचे ब्लॉक करावेत, म्हणजे तिथून संपादन बंद करावे, या प्रस्तावातला अंकपत्त्याचा भाग कृपया काढा. मोबाईल कंपन्या एकच आयपीव्ही४ (जुन्या पद्धतीचा) पत्ता असंख्य ग्राहकांत वाटतात. आज त्यावरून पान कोरे करणारा उद्या दुसऱ्याच पत्त्यावर असतो आणि ब्लॉक भलत्याच्याच माथी बसतो. तिथे २४ ते ३१ तासांचा ब्लॉक पुरतो. ३१ हा आकडा इंग्रजी विकिपीडियावर रूढ आहे. २४ तासांचा ब्लॉक दुसऱ्या दिवशी नेमका त्याच वेळी सुटतो, ३१ तासांचा तसा सुटत नाही. आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा) पत्ता असेल तर सुटा पत्ता अडवून उपयोग नाही, तो सारखा बदलतो. /६४ पट्टा, म्हणजे पहिले ६४ बिट सारखे असलेले सगळे पत्ते, अडवा.

खाते ब्लॉक करताना ‘स्वयंचलित ब्लॉक’ची खूण राहू द्या. मीडियाविकी (विकिपीडिया ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर) त्या खात्याचा शेवटचा पत्ता आपोआप २४ तास अडवते, वेगळी मेहनत नको.

भांडण एकाच लेखावरून असेल तर तेवढ्या पानापुरता आंशिक ब्लॉक लावा. ब्लॉक झालेल्याचे स्वतःचे चर्चापान मात्र उघडेच हवे, नाहीतर दाद मागायची कुठे? तिथेही शिवीगाळ झाली तरच ते बंद करावे. आणि ज्या प्रचालकाचा (ब्लॉक करायचा अधिकार असलेल्या सदस्याचा) त्या वादात हात आहे, त्याने ब्लॉकचे बटण दाबू नये, हे नियमात स्पष्ट लिहा.