नव्या यरुशलेमेत समुद्र का नाही? कोळीवाड्यातला प्रश्न

डोलकर, वसई

आमच्या वाड्यात गुरुवारी संध्याकाळी बायबलवाचन असतं. पंधरा-वीस डोकी, बहुतेक बोटीवरची नाहीतर मासळीबाजारातली. सध्या प्रकटीकरण, म्हणजे बायबलचं शेवटचं पुस्तक, चालू आहे. एकविसाव्या अध्यायाच्या पहिल्याच ओवीत नवं आकाश येतं, नवी पृथ्वी येते आणि पुढे लिहिलंय की समुद्र आता राहिला नाही.

एक म्हातारे तांडेल, म्हणजे बोटीचे म्होरके, म्हणाले, "मग आपण तिकडे जाऊन करायचं काय? भाजी विकायची?" सगळे हसले. पण मागे बसलेली एक बाई म्हणाली, "नाही तेच बरं." तिचा नवरा बोटीवरून परत आलेला नाही. मग कोणी हसलं नाही, आणि तासभर नुसता वाद. आम्ही होड्यांना आशीर्वाद घेतल्याशिवाय नांगर उचलत नाही, आणि देव म्हणे समुद्रच पुसून टाकणार!

फादर म्हणाले, ते प्रतीक आहे. असेल. पण कशाचं? येशूचे पहिले चार शिष्य तर मासेमार होते. ज्या लोकांनी हे मुळात लिहिलं-ऐकलं, त्यांच्या डोक्यात "समुद्र" म्हटल्यावर काय येत होतं? जाणकारांनी सांगावं. येत्या गुरुवारी मला बोलायचं आहे.

शनवार तेली, अलिबाग

डोलकरदादा, आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, त्यामुळे प्रकटीकरण आमच्या ग्रंथात नाही. पण ते लिहिणारा योहान आमच्याच ग्रंथांवर वाढलेला. यशया, दानीएल, यहेज्केल ही आमची पुस्तकं पानोपानी डोकावतात. म्हणून चार शब्द बोलायचा हक्क घेतो.

आधी नकाशा उघडा. जुने इस्राएली डोंगरावरचे लोक. मेंढरं, जव, गहू, द्राक्षं, जैतून. किनारा जवळपास दुसऱ्यांच्याच ताब्यात: खाली गाझा, अश्कलोन, अश्दोद पलिष्ट्यांचे, वर सोर आणि सीदोन फिनिशियनांचे. तो किनाराही सरळसोट, वाळूचा. आपल्यासारख्या खाड्या नाहीत, की वारा फिरला आणि होडी आत घातली. शलमोन राजाने तांबड्या समुद्रावर एस्योन-गेबेरला जहाजं बांधली, पण खलाशी पुरवले सोरच्या राजाने. पुढे यहोशाफाट राजानेही हौस केली, तर त्याची जहाजं तिथेच फुटली. स्वतःच्या पायाने जहाजावर चढलेला संदेष्टा म्हणजे योना, तोही देवापासून पळायला! यरुशलेमेत मासळी आणून विकणारेसुद्धा सोरचे, आणि ते शब्बाथाला, म्हणजे शनिवारच्या विश्रामदिवशी, विकतात म्हणून तिथला अधिकारी नहेम्या त्यांच्यावर भडकतो. आमच्या अख्ख्या पवित्र ग्रंथात माशाच्या एका जातीचं नाव नाही. पर आणि खवले असतील तर खा, नाहीतर सोडा, विषय संपला. (आमच्या घरी रावस चालतो, कोळंबी आणि कुर्ली नाही. शेजारी कोळंबीचं कालवण शिजायला लागलं की आजोबा उठून खिडकी लावायचे. धर्मासाठी की जीभ आवरायला, ते त्यांनाच ठाऊक.)

अशा माणसाला समुद्र म्हणजे आपलं जिथे काही चालत नाही ती जागा. दानीएलाच्या सातव्या अध्यायात चार श्वापदं समुद्रातून वर येतात, आणि ती चार राज्यं असतात. प्रकटीकरणाच्या तेराव्यातलं श्वापदही तिथूनच येतं. शेजारच्या लोकांत तर समुद्र हा चक्क देव होता. सीरियाच्या किनाऱ्यावर उगारित इथे १९२९ पासून उत्खनन झालं, त्यात सापडलेल्या मातीच्या पाट्यांवर बआल या त्यांच्या देवाची समुद्रदेवाशी लढाई कोरलेली आहे. आमच्या कवींना ही गोष्ट माहीत होती. स्तोत्र ७४ मध्ये देव लिव्याथान या समुद्री राक्षसाची डोकी फोडतो, ती तीच जुनी लढाई. पण ईयोबाचा अडतिसावा अध्याय काढा. तिथे लढाई नाही. समुद्र जन्माला येतो, देव त्याला ढगांच्या दुपट्यात गुंडाळतो, मग दार लावून अडसर घालतो आणि सांगतो, इथवर ये, याच्या पुढे नाही. बाळ दांडगं आहे, पण बाळच. हे मला सगळ्यात आवडतं. स्तोत्र १०४ मध्ये तर तोच लिव्याथान पाण्यात खेळतो. तेव्हा समुद्राचा नुसता द्वेष होता असं समजू नका.

आता योहान. तो पात्म बेटावर आहे, चारी बाजूंनी पाणी. त्याचा अठरावा अध्याय वाचल्याशिवाय एकविसाव्यावर बोलू नका, अशी माझी आग्रहाची विनंती. तिथे बाबेल पडते, म्हणजे रोम, आणि लांब उभं राहून रडतं कोण? जहाजांचे तांडेल, खलाशी, व्यापारी. मालाची यादीच दिलीय: सोनं, मोती, जांभळं कापड, रेशीम, दालचिनी, गहू, गुरं, आणि सगळ्यात शेवटी गुलाम माणसं. रोमची भूक समुद्रावरून भागत होती. त्या काळच्या ग्रीक नाविकांच्या नोंदीत आपलं चौलही येतं, म्हणजे त्या व्यापाराचं एक टोक माझ्या घरापासून फार लांब नव्हतं. तो समुद्र संपला म्हणजे ती वाहतूक संपली, असं मी वाचतो. तुमच्या तांडेलबाबांचं डोलीचं जाळं कोणी काढून घेत नाहीये.

आणि त्या बाईंसाठी २०:१३. समुद्र नाहीसा व्हायच्या आधी तो आपल्यातले मेलेले परत देतो. हा क्रम योहानाने उगाच ठेवला असं मला वाटत नाही.

जाता जाता: आमचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले अशी परंपरा आहे, वाचले ते सात पुरुष आणि सात बायका. त्यानंतर त्यांनी काय केलं? समुद्राकडे पाठ केली आणि तेलाचा घाणा धरला. डोंगरी रक्त!

रापणकर, मालवण

काकांनू, तुमचा सगळा पटला, पण एका गोष्टीवर भांडतंय. (पुढे सगळ्यांना कळेल असं लिहितो.)

सगळं बायबल डोंगरवाल्यांच्या डोळ्यांनी वाचायला नको. गालीलचे मासेमार पाण्यावरच जगत होते. फक्त ते पाणी गोडं. एकवीस किलोमीटर लांब, तेरा किलोमीटर रुंद तळं, भरती-ओहोटी नाही. १९८६ साली दुष्काळात पाणी आटलं तेव्हा चिखलातून येशूच्या काळातली एक होडी निघाली, आठ मीटरच्या आसपास. आमच्या होडीवाल्याला ती परकी वाटणार नाही.

मत्तय १३:४७ मधला येशूचा दाखला म्हणजे तर सरळ रापण आहे. जाळं भरलं, काठावर ओढलं, मग बसून निवडलं. ते "बसून" ज्याने लिहिलं त्याने रापण पाहिलेली आहे. दोन्ही दोर ओढून हात सोलवटलेले असतात, वाळूवर फतकल मारल्याशिवाय निवडणं होत नाही. आम्ही न खाण्याजोगे केंड मासे फेकतो, ते बिनखवल्याचे मासे फेकत असणार. त्या तळ्यात तसला मिशाळ मासा असतो, आपल्या शिंगाळ्याच्या जातकुळीतला. म्हणजे काकांनी सांगितलेला खवल्यांचा नियम त्या दाखल्यात न सांगता बसलाय.

आणि डोलकर, तुमच्या तांडेलांना यहेज्केल ४७ वाचून दाखवा. मंदिराच्या उंबऱ्याखालून पाणी निघतं, मृत समुद्रात जातं, खारं पाणी गोडं होतं, आणि एन-गेदीपासून काठाने कोळी उभे, जाळी वाळत घातलेली, मासे महासमुद्रासारखे नाना जातींचे. योहानाने बाविसाव्या अध्यायात नदी आणि झाडं इथूनच उचलली. जाळी मात्र सोडली! माझी त्याच्यावर तेवढी तक्रार आहे.

नुसता वाचक

सगळं छान. पण मग ज्याला उगारित आणि एस्योन-गेबेर माहीत नाही, त्याने ग्रंथ वाचायचाच नाही का? माझ्या आजीला यातलं काहीही ठाऊक नव्हतं, तरी ती रोज वाचायची.

शनवार तेली, अलिबाग

वाचायचाच की. माझ्या आजीलाही ठाऊक नव्हतं. ती मलिद्याचं, म्हणजे आमच्या नैवेद्याचं ताट मांडायची, पोहे, गूळ, खोबरं, फळं, आणि एलियाहू हन्नबीशी, म्हणजे एलीया संदेष्ट्याशी, शेजाऱ्याशी बोलावं तसं बोलायची. पण तिने कधी देवाला "माझा समुद्र का काढून घेतलास" असं विचारलं नाही. ज्याला प्रश्न पडला त्याला नकाशा दाखवावा. ज्याला पडला नाही त्याच्या मागे नकाशा घेऊन धावू नये.

डोलकर, वसई

काका, रापणकर, दोघांचे आभार. मिस्सातली, म्हणजे चर्चच्या उपासनेतली वाचनं ठरलेली असतात, पण गुरुवार आमच्या हातात आहे. अठरावा अध्याय आधी घेतो, मालाच्या यादीसकट. त्यानंतर यहेज्केल. २०:१३ मी सगळ्यांसमोर वाचणार नाही, त्या बाईंच्या घरी जाऊन दाखवीन.

रापणकर, सत्तेचाळिसाव्यात अकराव्या ओवीत दलदली मिठासाठी तशाच ठेवल्यात असंही दिसतंय. आमच्याकडे दोघं जुने मिठागरवाले येतात. त्यांना ती ओवी वाचायला देतो, नाहीतर म्हणतील सगळं कोळ्यांनाच.