सरळ खांब कललेला का दिसतो?

प्रश्न (पणजी): आल्तिनोच्या चढाला लागून असलेला विजेचा खांब ओळंब्याने तपासला असता सरळ असूनही, उतरत्या कठड्यामुळे चढाच्या बाजूला झुकलेला का भासतो?

उत्तर (म्हापसा): मेंदूच्या दृष्टिकेंद्रातील पेशी ठरावीक कोनांच्या रेषांना प्रतिसाद देताना एकमेकींना दाबतात, म्हणून भोवतीच्या रेषा उभ्यापासून सुमारे १५ अंशांनी कलल्या की मधली उभी रेषा उलट दिशेला झुकल्यासारखी दिसते. कोन ७५ अंशांच्या आसपास असल्यास ती त्या रेषांकडे ओढली जाते, पण क्षीणपणे. तुमचा कठडा बहुधा याच प्रकारातला.

उत्तर (मडगाव): केवळ पेशींवर बोट ठेवणे मला अपुरे वाटते. १९४८मध्ये आश आणि विटकिन या मानसशास्त्रज्ञांनी दाखवले, की अंधारात फक्त कललेली चौकट दिसत असेल तर माणसे दांडी उभी करताना चौकटीच्या दिशेने झुकवतात, आणि हा परिणाम व्यक्तीगणिक बराच बदलतो.

प्रश्नकर्ता: म्हणूनच शेजाऱ्यांना तो सरळ दिसतो!