मुखपृष्ठावर घोषणा लिहिली की घुसखोर कार्यकर्ता होतो का?

जुना_प्रशासक
‘वेबसाइटचे मुखपृष्ठ बदलणारे हॅकर हे निषेधाचे कलावंत आहेत, ते काही चोरत नाहीत, उलट झोपलेल्या मालकाला जागे करतात,’ असे सांगणारा ‘मुक्तछंद’ यांचा लेख वाचला आणि त्याखालची वाहवा पाहून उत्तर देणे भाग पडले. ज्याला मुखपृष्ठाची फाइल बदलता येते, त्याला बहुधा त्याच अधिकाराने डेटाबेसचा पासवर्ड वाचता येतो आणि कोपऱ्यातल्या एखाद्या फोल्डरात वेबशेल, म्हणजे दुरून सर्व्हर चालवू देणारी छुपी फाइल, ठेवून पुन्हा येण्याची सोयही करता येते. मे 1998 मधील पोखरण चाचण्यांनंतर ‘मिलवर्म’ गटाने भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सर्व्हरमध्ये शिरून अण्वस्त्रविरोधी मजकूर लावला, याचा दाखला लेखात कौतुकाने दिला आहे. त्याच किशोरवयीन मुलांनी केंद्रातील ई-मेलही उचलले होते, हे मात्र सोयीस्करपणे गाळले आहे. निषेधासाठी शास्त्रज्ञांचा पत्रव्यवहार कशाला लागतो?

हेतूंचे म्हणाल, तर हॅकरांनी बदललेल्या पानांच्या ‘झोन-एच’ या संग्रहस्थळावर आपला पराक्रम नोंदवताना कारण एका तयार यादीतून निवडायचे असे. त्या यादीत राजकीय कारण, देशभक्ती आणि सूड यांच्या पंगतीला ‘निव्वळ गंमत’ आणि ‘मला सर्वोत्तम ठरायचे आहे’ हे पर्यायही बसलेले होते. यादीतून निवडलेल्या देशभक्तीला मी विचारसरणी मानत नाही.

मुक्तछंद
ई-मेलचा मुद्दा मान्य, कारण तो नाकारता येत नाही. मात्र सगळ्यांना एकाच मापाने मोजण्याची आपली घाई मान्य नाही. 13 सप्टेंबर 1998 रोजी न्यूयॉर्क टाइम्सच्या वेबसाइटचे मुखपृष्ठ बदलले गेले, तेव्हा ज्याची बाजू हल्लेखोर घेत होते तो हॅकर केव्हिन मिटनिक फेब्रुवारी 1995 पासून कोठडीत होता आणि त्याच्यावरील मुख्य खटला उभाही राहिला नव्हता. वर दिसणारा मजकूर शिवराळ होता हे खरे. पण त्याच पानाच्या एचटीएमएलमधल्या, म्हणजे मूळ कोडातल्या, टिपांत हल्लेखोरांनी आपली बाजू बऱ्याच नीटस भाषेत मांडली होती, आणि ती पानाचा सोर्स उघडून पाहणाऱ्यालाच दिसत होती. निव्वळ गंमत करणारा माणूस एवढे कष्ट घेत नाही. शिवाय डेटा चोरून गुपचूप पसार होणाऱ्यापेक्षा ‘मी येऊन गेलो’ असे सांगणारा घुसखोर मालकाच्या अधिक उपयोगाचा असतो, हे आपल्यासारख्या जाणकाराने तरी समजून घ्यावे.

निशिगंध
उपयोग कोणाला झाला ते मी सांगते. एका दुर्मीळ आजाराच्या मुलांच्या पालकांसाठी चालवलेली वेबसाइट मी स्वयंसेवक म्हणून सांभाळत होते. एके सकाळी तिथे काळ्या पानावर हिरवी अक्षरे, कुठलासा झेंडा आणि हॅकरने आपल्या मित्रांना ठोकलेल्या सलामांची लांबलचक यादी होती. आमच्यावर कोणाचाही राग नव्हता. त्याच सामायिक सर्व्हरवरच्या सगळ्याच साइट्स एका दमात पाडल्या होत्या, म्हणजे आम्ही कोण आहोत हे त्याने पाहिलेही नसावे. बॅकअप त्याच सर्व्हरवर असल्यामुळे तोही विश्वासार्ह राहिला नाही. पालकांची वैद्यकीय माहिती कोणी वाचली का, या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही. आणि स्वयंचलित अपडेट आमच्या कंत्राटदाराने न विचारता बंद करून ठेवले होते, कारण म्हणे अपडेट झाले की थीम, म्हणजे साइटची मांडणी आणि सजावट, मोडते.

थीमवाला
आले का शेवटी खापर आमच्या डोक्यावर! अपडेट बंद करणारा कंत्राटदार सर्वांना दिसतो, पण वार्षिक देखभालीचा करार ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून टाळणारा आणि थीम मोडली की मध्यरात्री फोन करणारा ग्राहक कोणालाच दिसत नाही. फुकटात अखंड पहारा हवा असेल, तर तसे काम घेतानाच सांगावे.

जुना_प्रशासक
थीमवाले, आपला संताप समजतो, युक्तिवाद समजत नाही. वेबसाइट चालवण्याच्या ‘वर्डप्रेस’ या प्रणालीने 4.7.2 ही आवृत्ती 26 जानेवारी 2017 रोजी आणली आणि तिच्यात बुजवलेले रेस्ट एपीआयचे (बाहेरच्या प्रोग्रॅमांना साइटशी बोलू देणाऱ्या भागाचे) भगदाड 1 फेब्रुवारीपर्यंत मुद्दाम जाहीर केले नाही, जेणेकरून स्वयंचलित अपडेट आधी सर्वत्र पोहोचावेत. त्यानंतर दहा लाखांहून अधिक पाने विद्रूप झाली. स्वयंचलित अपडेट चालू असलेल्या साइट्स बहुतांशी वाचल्या. थीम जपणाऱ्यांनी थीमसकट पाने गमावली.

थीमवाला
हे ज्ञान आपण पगारी नोकरीच्या खुर्चीवरून देत आहात. मी एकटा डझनावारी साइट्स सांभाळतो आणि त्यांतल्या बहुतेकांची बिले थकलेली आहेत.

निशिगंध
आम्ही आपले बिल वेळेवर भरले होते आणि तरीही अपडेट बंदच होते. कृपया आपल्या थकबाकीचा हिशेब आमच्या साइटवरच्या पालकांच्या माहितीवर मांडू नका.

थीमवाला
मग तो कंत्राटदार चुकला, असे लिहून देतो. समाधान झाले असेल, तर आता ज्याने खरोखर घुसखोरी केली त्याच्याकडेही वळावे, अशी नम्र विनंती आहे.

मुक्तछंद
म्हणजे निष्कर्ष असा की, भगदाड उघडे ठेवणारे सर्व थकबाकीने पीडित आणि त्यातून आत शिरणारा तेवढा गुन्हेगार! जुलै 2001 मध्ये ‘कोड रेड’ या आपोआप पसरणाऱ्या वर्मने हजारो सर्व्हरांवर ‘हॅक्ड बाय चायनीज’ असे झळकावले, तेव्हा ते भगदाड बुजवणारा मायक्रोसॉफ्टचा पॅच बाहेर येऊन महिना उलटला होता. त्या प्रकरणात हॅकरच्या हेतूपेक्षा प्रशासकांचा आळस अधिक बोलका आहे.

जुना_प्रशासक
कोड रेडचे उदाहरण आपण दिलेत, हे बरे झाले. पानावर कोणाचे नाव लिहिले आहे यावरून कोणाचा हेतू होता हे ठरत नाही, हाच तर माझा मुद्दा आहे. 14 जानेवारी 2022 रोजी युक्रेनच्या सुमारे 70 शासकीय साइट्सवर ‘घाबरा आणि वाईटात वाईटाची अपेक्षा ठेवा’ असा मजकूर युक्रेनियन, रशियन आणि पोलिश भाषांत लागला. वाचणाऱ्याचा संशय पोलंडकडे जावा अशीच त्याची मांडणी होती. त्याच सुमारास तेथील संगणकांत खंडणीखोर मालवेअरचे सोंग घेतलेला, प्रत्यक्षात डेटा कायमचा नष्ट करणारा ‘व्हिस्परगेट’ पेरलेला आढळला. आपल्या हिशेबाने ‘मी येऊन गेलो’ असे सांगणाऱ्याचे आभार त्यांनीही मानायला हवे होते.

मुक्तछंद
राज्यसत्तेच्या आश्रयाने होणारे हल्ले मी निषेधात धरत नाही आणि लेखात तसे स्पष्ट लिहायला हवे होते, एवढे आपल्या समाधानासाठी मान्य करतो. मिटनिकच्या बाबतीत मात्र आपण अद्याप एक शब्दही लिहिलेला नाही. सोर्समधल्या त्या टिपा वाचून झाल्या की अवश्य लिहावे. तोवर सगळ्यांना भुरटे म्हणण्याचा आपला हक्क अबाधित आहेच.